ओट्याशेजारची शाळा

अमेरिकेतल्या ख्रिस्ती गृहशाळांचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास बहुधा कोर्टकचेऱ्यांच्या अंगाने सांगितला जातो. १९८३ मध्ये मायकेल फॅरिस आणि माइक स्मिथ यांनी अशा कुटुंबांच्या कायदेशीर बचावासाठी संघटना काढली, आणि दहा वर्षांत पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवायला मुभा मिळाली. मात्र ज्या घरात सात-आठ मुलं, तिथला रोजचा पेच न्यायाधीशाला सुटणारा नव्हता. एकाला अपूर्णांक अडलेत, दुसरी नुकती अक्षरं लावायला लागली आहे, तान्हं भुकेलं आहे, धुण्याचा ढीग तसाच पडलाय आणि दुपारी दहा ताटं वाढायची आहेत. आईने आधी कुठे हात घालायचा?

चळवळीला सुरुवातीलाच मिळालेलं उत्तर आजही विचार करण्याजोगं आहे. रेमंड आणि डोरोथी मूर हे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचं शिक्षक दाम्पत्य. ‘बेटर लेट दॅन अर्ली’ हे त्यांचं पुस्तक १९७५ चं. लहान मुलांना वह्या-पुस्तकांपुढे बसवण्याची घाई करू नका, असं ते कळकळीने सांगत. जेम्स डॉब्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमातून त्यांचं म्हणणं असंख्य ख्रिस्ती घरांत पोचलं. त्यांच्या सूत्रात तीन गोष्टी होत्या: अभ्यास, निदान तितकाच वेळ हाताचं काम, आणि घरातल्या-शेजारच्या माणसांची सेवा. भांडी घासणं, पाव भाजणं, बागेत खणणं हे अभ्यासाच्या आड येत नव्हतं. ते शिक्षणातच धरलेलं होतं, आणि घरातल्या सगळ्या मुलांसाठी होतं.

हे सूत्र फार घरांत टिकलं नाही. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या अबेकासारख्या ख्रिस्ती प्रकाशनांची इयत्तावार पुस्तकं घरी येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर वर्गाची शिस्तही आली. सहा मुलं म्हणजे सहा इयत्ता, सहा स्वाध्यायपुस्तिका, आणि तपासणारी एकटी आई. एकच विषय सगळ्या भावंडांनी मिळून, आपापल्या वयाला झेपेल तसं शिकण्याची पद्धतही निघाली. कोनोससारखे अभ्यासक्रम त्यावरच उभे होते. मोठ्या कुटुंबांना ती सोयीची पडली, पण तयारीचा बोजा पुन्हा आईच्याच माथी.

त्याच सुमारास कुटुंबंही मोठी होत चालली. मेरी प्राइड यांच्या ‘द वे होम’ने १९८५ मध्ये स्त्रियांना घराकडे परतायला आणि देव देईल तितकी मुलं स्वीकारायला सांगितलं. स्तोत्र १२७ मधला बाणांनी भरलेला भाता ही या घरांची ओळख झाली. स्वयंपाकाचा भार कमी करायला मिमी विल्सन आणि मेरी बेथ लेगरबोर्ग यांचं पुस्तक हाती आलं. महिन्याभराचे पदार्थ एकदाच रांधून फ्रीझरमध्ये ठेवायचे, अशी त्यांची रीत.

नव्वदीच्या अखेरीस कॅन्सस राज्यातल्या टेरी मॅक्सवेल यांनी नवऱ्यासोबत ‘मॅनेजर्स ऑफ देअर होम्स’ लिहिलं. आठ मुलांच्या या आईने दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडले. प्रत्येकाच्या नावाचा एक रंग. त्या रंगाचे कागदी चौकोन भिंतीवरच्या तक्त्यावर लावायचे, म्हणजे आई कोणाला गणित शिकवत असताना धाकट्याला कोण खेळवतंय, हे एका नजरेत कळायचं. पुढे घरकामासाठी त्यांनी वेगळं पुस्तक काढलं. त्यात कामांच्या चिठ्ठ्या मुलांनी कपड्याला अडकवून फिरायचं असे. ही तपशिलाची हौस काहींना जाचक वाटेल. पण दिवसभर राबूनही संध्याकाळी काहीच पुरं न झालेल्या बाईला तिचा वेळ मोजण्याइतका मोलाचा आहे, असं कोणीतरी प्रथमच सांगत होतं. या पुस्तकाचं श्रेय तिथे आहे.

या आयांचा आदर्श मात्र तीनशे वर्षांपूर्वीचा होता: इंग्लंडच्या एपवर्थ गावातल्या पाळकाची पत्नी आणि मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांची आई, सुझॅना वेस्ली. एकोणीस बाळंतपणं, निम्मी मुलं दगावलेली, नवरा कर्जात. १७३२ मध्ये जॉनला लिहिलेल्या पत्रात तिने आपली रीत सविस्तर सांगितली आहे. मूल पाच वर्षांचं झालं की अक्षरओळख. त्याच्या आदल्या दिवशी घर आवरून प्रत्येकाला आपापलं काम नेमून दिलं जाई. मग नऊ ते बारा आणि दोन ते पाच या वेळात शिकवण्याच्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही. दिवसाच्या वाचनासाठी थोरल्याने सगळ्यांत धाकट्याला, थोरल्याच्या पाठच्याने धाकट्याच्या वरच्याला घ्यायचं आणि स्तोत्र व नव्या करारातला अध्याय वाचून दाखवायचा. आणखी एक कलम होतं: मुलीला चांगलं वाचता येईपर्यंत तिला कामाला लावायचं नाही.

सुझॅनाच्या घरी मोलकरणी होत्या, हे अमेरिकन अनुकरणात निसटलं. आणि ते मुलींचं कलमही निसटलं. दुसरी गोष्ट अधिक महागात पडली.

मोलकरणीची जागा कोणीतरी घेणारच होतं. आर्कान्सातल्या डग्गर कुटुंबात ती कोणी घेतली, ते २००८ पासून सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. एकोणीस मुलं, आईची घरची शाळा, प्रत्येक मोठ्या मुलाकडे सोपवलेली धाकटी भावंडं, आणि घरकामाचे वाटून दिलेले ‘प्रांत’. प्रेक्षकांना त्या शिस्तीचं कौतुक वाटलं. पण धाकट्यांची वेणीफणी, जेवण, धडे बऱ्याच अंशी थोरल्या मुलींच्या हातून होत होते. घरातलं लैंगिक अत्याचाराचं जुनं प्रकरण उघडकीला आल्यावर २०१५ मध्ये कार्यक्रम बंद पडला. २०२३ मध्ये जिल या मुलीने ‘काउंटिंग द कॉस्ट’ या आत्मकथनात त्या बालपणाचा हिशोब मांडला.

तोवर घरी शिकलेली पहिली मोठी पिढी बोलू लागली होती. कित्येक जणींचं सांगणं सारखंच होतं: भावंडं सांभाळता-सांभाळता बीजगणित मागे पडलं, प्रयोगशाळेचं तोंडही दिसलं नाही, आणि हे सगळं ‘गृहिणीपणाचं शिक्षण’ म्हणून गणलं गेलं. मूर दाम्पत्याने घरकामाला शिक्षणाचं मोल दिलं होतं. पण तितकाच अभ्यासही त्यांना हवा होता. तो गळाला की उरतं ते बिनपगारी काम, आणि त्याला संस्कार म्हणणं हा त्या मुलींवर अन्याय आहे. सगळ्या घरांत असं झालं नाही. कैक कुटुंबांत मुलगे स्वयंपाक शिकले, मुली डॉक्टर झाल्या, आणि भरल्या घरात वाढल्याचा आनंद सगळ्यांनाच लाभला. तरीही कोणत्या घरात काय चाललं आहे, हे बाहेरच्याला कळायची सोय फार थोड्या राज्यांत होती.

२०१३ मध्ये गृहशाळेतूनच आलेल्या तरुणांनी ‘कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन’ स्थापन केली. घरी शिकवायला त्यांचा विरोध नाही. पालकांनी दरवर्षी कळवावं आणि मुलाची प्रगती घराबाहेरच्या जाणत्या माणसाने पाहावी, ही त्यांची मागणी. फॅरिस यांची संघटना अशा बंधनांना विरोध करत आली आहे.

दरम्यान करोना आला. अमेरिकी जनगणना विभागाच्या पाहणीनुसार शाळकरी मुलं असलेल्या घरांत गृहशाळेचं प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होतं, ते शरदात ११.१ टक्क्यांवर गेलं. कृष्णवर्णीय कुटुंबांत ते ३.३ वरून १६.१ झालं. या नव्या घरांतल्या किती तरी आया नोकरी करतात. आठवड्यातले दोन-तीन दिवस चर्चमधल्या सामुदायिक वर्गात आणि बाकीचे घरी, अशी विभागणी त्यांच्यात रुळते आहे. सुमारे डझनभर राज्यांत मूल घरी शिकतं आहे, हे पालकांनी आजही कोणालाच कळवावं लागत नाही.