वाटीभर पाण्यातली दाढी

२८ जून २०२० रोजी राज्यातली सलूनं उघडली, तीही फक्त केस कापण्यापुरती. दाढीला सरकारची मनाई होती. त्या दिवसांत यवतमाळातल्या कितीतरी कपाटांतून जुने रेझर बाहेर निघाले असतील. आमच्याकडे बाबांचा निघाला. दांडा, दातेरी पट्टी आणि वरचं झाकण, असे तीन सुटे भाग आणि त्यांच्यामध्ये दुधारी ब्लेड. लहानपणी रोज सकाळी पाहिलेलं हे हत्यार मी कधी हातात धरलं नव्हतं. आमची पिढी थेट प्लॅस्टिकच्या रेझरवर आली, आणि दाबून ओढायचं एवढंच तो शिकवतो. सेफ्टी रेझरला दाब चालत नाही. त्याचं डोकं वजनदार असतं, ते वजनच काम करतं. आपण फक्त कोन सांभाळायचा. आधी ब्रशने फेस नीट घोळून खुंट मऊ करायचे, मग एक सुलट हात, पुन्हा फेस, मग आडवा. गाल असा तुळतुळीत होतो की सलूनची आठवण येऊ नये.

शहरांत हल्ली याचा शौक झाला आहे. महागडे ब्रश, लाकडी वाट्या, विलायती साबण. त्या मंडळींना वाटतं आपण काही हरवलेलं शोधून काढलं. आमच्या जिल्ह्यात मात्र यातलं बरंचसं कधी हरवलंच नव्हतं, आणि जे हरवलं ते परत यावं असं सगळ्यांनाच वाटेल, असंही नाही.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी न्हाव्याला म्हाली म्हणत. तो धोकटी घेऊन ओसरीवर यायचा. धोकटीत वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, धारेचा दगड आणि तुरटीचा खडा. साबण असलाच तर यजमानाचा. नाहीतर बोटं वाटीत बुडवून तो नुसत्या पाण्याने आबाजींचे, म्हणजे आमच्या आजोबांचे, गाल इतका वेळ चोळायचा की खुंट आपोआप नरम पडायचे. मग वस्तरा दगडावर चार वेळा, चामड्यावर दहा वेळा, आणि शेवटी स्वतःच्या तळहातावर परजायचा. ते पाहताना आमचा श्वास अडकायचा. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणायची आणि उजव्याने पातं जवळजवळ आडवं धरून सरकवायचं. बोलणं अखंड चालू, पण गळ्याच्या घाटीपाशी आला की तो गप्प व्हायचा. आबाजीही.

पैशाचा व्यवहार नव्हता. खळ्यावर ज्वारी तयार झाली की त्यातून त्याचा वाटा निघायचा. लग्नात नवरदेवाची दाढी, बाळाचं जावळ, मयताच्या घरचं मुंडण, सगळीकडे त्याचा मान आणि त्याचं कामही ठरलेलं. लोक हे आठवून उसासे टाकतात. मला तो उसासा पुरा येत नाही, कारण हा वस्तरा गावातल्या सगळ्या गालांपर्यंत पोचत नव्हता. दलितांची हजामत करायची नाही, हा गावोगावचा दंडक होता. मोडला तर न्हाव्याचं बलुतं बंद. १९४८ मध्ये संविधान सभेत दुकानं सर्वांना खुली ठेवण्याच्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे काय, त्यात न्हाव्याचं दुकान येतं का, हा प्रश्न निघाला होता. डॉ. आंबेडकरांनी दुकानाचा अर्थ व्यापक असल्याचं सांगितलं. १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात तर दुकानाच्या व्याख्येतच केशकर्तनालय घातलं आहे. कायद्यात असा बारीक तपशील उगाच येत नाही.

वस्तरा धरणाऱ्यांनीही कधीकधी तो खाली ठेवला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या कामावर, त्यांनीच नकार दिला, हे मला फार मोठं वाटतं.

स्वतःची दाढी स्वतः करण्याची सोय त्यानंतर थोड्याच वर्षांनी निघाली. आमचा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत फेकून देता येणाऱ्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट मिळालं. धार लावायची नाही, बोथट झालं की टाकायचं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे लाखो रेझर वाटले गेले. आपल्याकडे मास्तर, तहसीलमधले कारकून, जिनिंगचे मुनीम यांच्या घरी तो हळूहळू आला. बलुत्याला आणि जातीला न विचारता दाढी होऊ लागली.

फेकायचं ब्लेड आमच्याकडे कोणी फेकत नसे, हा भाग वेगळा. जुनी ब्लेडं पोलादाची, ओली राहिली की गंजायची. बाबा ती पुसून ठेवत, आणि धार गेली की काचेच्या पेल्यात आतून दोन बोटांनी दाबून मागेपुढे घासत. आणखी दोन दाढ्या निघत. अगदीच संपलं की ते आमच्या पेन्सिलीसाठी. १९६२मध्ये विल्किन्सन कंपनीने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि गंजाचा प्रश्न मिटला. पुढे टोपाझ आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स यांची पाकिटं पानठेल्यावरही मिळू लागली.

गंमत म्हणजे हेच ब्लेड सलूनमध्येही शिरलं. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली आणि एकाच वस्तऱ्याने सगळ्यांची दाढी करणं बंद पडत गेलं. आता कारागीर ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, एक अर्धं पात्याच्या खाचेत बसवतो आणि विचारतो, “उलटा हात मारू काय भाऊ?” दिसायला वस्तराच, पण धार दुसऱ्याने लावलेली. तळहातावर परजणारा माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. सुरक्षिततेसाठी हे झालं ते योग्यच, तरी दगडावर धार आणणं ही मोठी कला होती आणि ती शिकवणारे आता शोधावे लागतील.

कंपन्यांना आपली दाढी समजायला वेळ लागला. २००२मध्ये जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. त्याची चाचणी घेतली अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. त्यांना तो आवडला, कारण त्यांच्या नळाला धो धो पाणी होतं. इथे माणूस एका वाटीत दाढी उरकतो, त्यामुळे पात्यांत अडकलेले केस निघेनात. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, आणि २०१०मध्ये सहज धुतला जाणारा, एकाच पात्याचा गार्ड आला, पंधरा रुपयांना. यवतमाळच्या कोणत्याही बाईने हे त्यांना फुकट सांगितलं असतं. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा शहरात टँकरच्या रांगेत भांडणं होत होती. नळ सोडून रेझर धुवायची कल्पना इथे कोणाला सुचली नसती. त्या हिशेबातही बाबांचा रेझर सरस निघतो. झाकण सैल केलं, वाटीत एकदा बुडवून हलवलं, की केस सुटतात.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने माझ्या पुतण्याला सांगितलं. तो दाढी ठेवतो. त्याच्या वयाची निम्मी मुलं ठेवतात. सलूनमध्ये ती ‘सेट’ करायला जातात, ट्रिमरने, आणि तुळतुळीत दाढीपेक्षा त्याचेच पैसे जास्त पडतात. वस्तरा निघतो तो शेवटी, गालावरची एक रेघ आणि गळ्याखालचा भाग साफ करण्यापुरता.