लेक नर्स होऊन परदेशी जावी, पण वावर विकून नव्हे!

बारावीचा निकाल लागला की अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यापासून अकोल्याच्या भीमनगरापर्यंत घराघरात एकच विषय निघतो. "पोरीला नर्सिंगला टाकावं म्हणतो. पुढं फॉरेनला गेली तर घराचं भलं होईल." विचार उत्तम आहे. मात्र याच सुमारास दारात एजंट येतो. परदेशातल्या कॉलेजचे रंगीत चित्र दाखवतो, वीस-पंचवीस लाखांचा आकडा सांगतो आणि "बँक कर्ज देते, काळजी नको" म्हणतो. मग सातबारा बाहेर निघतो.

पालक बंधू-भगिनींनो, सही करण्यापूर्वी थोडा हिशेब करू या. वीस लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. हप्ता पडतो महिना सुमारे 26,400 रुपये. दहा वर्षांत फेड होते 31 लाखांच्या वर. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यात वेगळेच. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. पोरीला वेळेवर नोकरी लागली नाही, तर जाते ते बापाचे घर किंवा वावर.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा खर्च कसा भागला ते आठवावे. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. 1920 साली अपुरे शिक्षण पुरे करायला ते लंडनला निघाले, तेव्हा प्राध्यापकीच्या पगारातली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढी त्यांची पुंजी होती. यातून आम्ही एक क्रम घेतो: आधी फुकटचा पैसा, मग कमाईचा आणि शेवटी कर्जाचा, तोही थोडा.

पहिली वाट : इथेच शिकणे

जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत हातची जाते.

पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि वॉर्डातला दोन-तीन वर्षांचा अनुभव पदरी असला की आखाती देश, इंग्लंड, जर्मनी अशी दारे उघडतात. मग मुलगी फी भरणारी विद्यार्थिनी म्हणून जात नाही, पगार घेणारी सिस्टर म्हणून जाते. भाषेची व त्या देशाची परीक्षा तेवढी द्यावी लागते.

दुसरी वाट : शिकताना पगार

जर्मनीत नर्सिंगचे तीन वर्षांचे प्रशिक्षण रुग्णालयाशी करार करून होते. त्याला तिकडे आउसबिल्डुंग म्हणतात. फी सहसा नसते, उलट महिन्याला विद्यावेतन मिळते. सरकारी रुग्णालयांत पहिल्या वर्षी ते 2024 साली सुमारे 1300 ते 1400 युरो होते. त्यातून विमा व कर कापला जातो, खोलीचे भाडे आपले आपण भरावे लागते. तरी काटकसरीने भागते. मात्र जर्मन भाषा बी-वन, पुष्कळ ठिकाणी बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. त्यासाठी वर्षभर मेहनत हवी आणि शिकवणीचा खर्च घरचा. आधी भाषा, मग करार आणि मगच व्हिसा, हा क्रम मोडू नये. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत.

तिसरी वाट : पदवीनंतर शिष्यवृत्ती

बी.एस्सी. नर्सिंग चांगल्या गुणांनी झालेल्या मुलीला एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी दोन मोठ्या योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत 125 जागा असून त्यांतील 115 अनुसूचित जातींच्या आहेत. 30 टक्के जागा मुलींसाठी आहेत. वय 35 च्या आत, गुण किमान 60 टक्के, उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये हवे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. तिच्या जागा 75, आणि विद्यापीठाची अट अधिक कडक आहे. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडे यांचा भार या योजना उचलतात. बारावीनंतरच्या पदवीसाठी मात्र यांतली एकही नाही. "सरकारी शिष्यवृत्ती मिळवून देतो" असे बारावीच्या मुलीला कोणी सांगत असेल, तर तो फसवतो आहे.

केवळ निवडीच्या भरवशावरही राहू नये. 2025 साली केंद्राच्या योजनेत 106 जण निवडले गेले, पण निधीअभावी सुरुवातीला 40 जणांनाच पत्रे मिळाली. हक्काच्या पैशासाठी संघटितपणे विचारणा करणे हे आपले काम आहे.

आणखी एक कळीची बाब. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि त्यावर मूळ जातीचा उल्लेख हवा. दाखला व पडताळणी अकरावीतच करून ठेवा.

यानंतरही पैसा कमी पडला तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी आधी करा, बँकेचे नंतर. नोकरीसाठी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही ते पाहा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येते. तेही पावती देऊन.

माय-बापहो, लेकीला अवश्य पाठवा. ती विमानात बसेल त्या दिवशी सातबारा मात्र तुमच्याच पेटीत असू द्या.