आज्ञावलीचे वाचन

आपल्या देशाच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात ‘वाङ्मयकृती’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, ती साहित्याच्या प्रत्येक अध्यापकाने एकदा तरी वाचावी अशी आहे. तीत काव्याचा उल्लेख नाही, कादंबरीचा नाही, निबंधाचाही नाही. उल्लेख आहे तो संगणकाच्या आज्ञावलींचा, कोष्टकांचा आणि माहितीच्या संकलनांचा! यात कायदेकारांची अरसिकता पाहण्याचे कारण नाही. कविता वा कादंबरी हे वाङ्मय होय, हे सांगावयास नको. जे सहसा कोणी वाङ्मय म्हणणार नाही तेच तेवढे नाव घेऊन आत घ्यावे लागते. कोष्टके व संकलने मुळापासून तेथे होती. आज्ञावलीस, म्हणजे ज्यास आपण व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतो त्यास, हे स्थान १९८४ च्या दुरुस्तीने मिळाले.

तेव्हापासून आज्ञावली लिहिणारा आणि कवी हे कायद्याच्या दृष्टीने एका पंक्तीस बसले. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, तो दोघांचाही. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवीन्द्रनाथांच्या कृतींवरील हक्क १९९१ अखेर संपण्याच्या बेतात असता ती वाढविण्याचा विचार झाला आणि १९९२ मध्ये ती साठ करण्यात आली. ‘गीतांजली’साठी योजिलेली ही मुदत आता पगारपत्रके तयार करणाऱ्या आज्ञावलीसही लागू आहे. त्यांपैकी बहुतेकींस दहा वर्षांचेही आयुष्य लाभत नाही, हा भाग निराळा.

संगणकक्षेत्रातील मंडळींत सॉफ्टवेअरचा हक्क, त्याची सुरक्षितता आणि त्याच्या नकला यांवरून जे वाद नित्य चाललेले असतात, ते आपल्या विषयाबाहेरचे आहेत असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. आम्हांसही बराच काळ तसेच वाटत होते. परंतु या वादांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो वाचनाचा आहे, आणि म्हणून तो आपलाही आहे, असे आता आमचे मत झाले आहे.

आज्ञावली प्रथम मनुष्यच लिहितो. ज्या भाषेत तो ती लिहितो तिला व्याकरण असते, तीत टिपा लिहिण्याची सोय असते आणि दुसरा जाणकार ती वाचून लेखकाचा हेतू समजू शकतो. हिला मूळ संहिता म्हणू. त्या व्यवसायातील लोक सोर्स कोड म्हणतात. पुढे या संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर होते. हे रूपांतर म्हणजे केवळ अंकांची रांग. यंत्रास ती कळते, मनुष्यास मोठ्या प्रयासाने थोडीफार उलगडता येते. बाजारात सामान्यतः विकले जाते ते हे रूपांतर. मूळ संहिता विक्रेत्याच्या कपाटात राहते. ग्रंथ विकत घ्यावा आणि हाती कुलूपबंद पेटी यावी, पेटीने स्वतःच आतला मजकूर वाचून दाखवावा आणि आपण तो ऐकावा, अशातला हा प्रकार आहे. पेटी जे मोठ्याने वाचते ते आपण ऐकतो. ती मनातल्या मनात आणखी काय वाचते हे कळण्यास मार्ग नाही. कायदा मात्र संहिता आणि पेटी या दोहोंसही वाङ्मय म्हणून सारखेच संरक्षण देतो.

ही भीती काल्पनिक नव्हे, हे २००५ साली अमेरिकेत घडलेल्या एका प्रकरणावरून दिसून आले. ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

सोनी बीएमजी या संगीतकंपनीने आपल्या गाण्यांच्या काही तबकड्यांत नक्कलबंदीची एक आज्ञावली घातली होती. फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने बनविलेली ही आज्ञावली एक्ससीपी या नावाने ओळखली जाई. तबकडी विंडोज पद्धतीच्या संगणकात घातली की पडद्यावर कराराचा मजकूर येई. ग्राहकाने ‘मान्य’ म्हटले की गाणी वाजविणारी आज्ञावली संगणकात बसे. पण तिच्यासह आणखी एक गोष्ट बसे, आणि तिचा करारात उल्लेख नव्हता. ती संगणकाच्या अंतर्भागात शिरून एका विशिष्ट खुणेने सुरू होणाऱ्या नावाची कोणतीही फाइल मालकाच्या दृष्टीआड करी. डॉलरचे चिन्ह, पुढे एस्-वाय्-एस् ही तीन रोमन अक्षरे आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह, एवढीच ती खूण. स्वतःची आज्ञावली लपविण्यासाठी कंपनीने हा पडदा लाविला होता. पण पडदा नाव पाही, माणूस पाहत नसे. ज्या कोणा भामट्यास आपली घातक फाइल लपवावयाची असेल त्याने तिला त्या खुणेचे नाव दिले की काम झाले. आणि प्रकरण बाहेर पडल्यापासून पंधरवडा लोटण्याच्या आत तशा फाइली फिरू लागल्याही.

मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणत्या अभ्यासकास आपल्याच संगणकावर हा प्रकार आढळला. अशा लपविलेल्या गोष्टी हुडकण्याचे साधन त्याने स्वतः तयार केले होते व त्याची तो चाचणी घेत होता. शोध घेता घेता तो आपणच रीतसर दाम देऊन आणलेल्या गाण्यांच्या तबकडीपाशी येऊन पोहोचला! ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने हे प्रसिद्ध केले. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने नभोवाणीवरील मुलाखतीत असा सूर लाविला की, बहुतेकांस या वस्तूचे नावही ठाऊक नाही, मग तिची काळजी त्यांनी का करावी? आम्हांस या सबंध प्रकरणात हे उत्तर सर्वांत बोलके वाटते. वाचकास वाचता येत नाही म्हणून मजकुराची जबाबदारी लेखकावर नाही, असाच त्याचा अर्थ होतो. नोव्हेंबरच्या मध्यास कंपनीस तबकड्या परत घ्याव्या लागल्या. तोवर सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. आज्ञावली काढून टाकण्यासाठी जे साधन प्रथम देण्यात आले, त्यानेच संगणकास दुसरे भगदाड पडते असे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन व ॲलेक्स हाल्डरमन यांनी दाखविले. आणि मौज अशी की, दुसऱ्याच्या नकला रोखण्यासाठी लिहिलेल्या या आज्ञावलीतच ‘लेम’ नावाच्या एका मुक्त आज्ञावलीचे अंश, तिच्या परवान्याच्या अटी न पाळता घेतलेले, शोधकांना सापडले. वाङ्मयचौर्याचा पहारेकरीच उसन्या अंगरख्यात उभा होता.

परंतु या गोष्टीची खरी गंभीर बाजू पुढेच आहे. हाल्डरमन व फेल्टन यांना या तबकड्यांतील दोष रुसिनोविचच्या आधीच लक्षात आला होता. तरी त्यांनी तो लगेच प्रसिद्ध केला नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यान्वये नक्कलबंदीचे कुलूप उघडणे हाच अपराध ठरू शकतो. ते उघडल्यावर आपण नक्कल केली की नाही, हा प्रश्न पुढचा. हाल्डरमनला याचा अनुभवही होता. विद्यार्थी असताना २००३ साली त्याने लिहिले होते की, दुसऱ्या एका कंपनीची नक्कलबंदी, तबकडी घालताना कळफलकावरील शिफ्ट ही कळ दाबून धरली तर लागूच होत नाही. एवढ्यावरून त्याला खटल्याची धमकी मिळाली. ती दुसऱ्याच दिवशी मागे घेतली गेली, हे खरे. तथापि २००५ मध्ये या दोघांनी आधी वकिलांचा सल्ला घेणे पसंत केले आणि त्यात काही आठवडे गेले. तेवढे दिवस लक्षावधी ग्राहक त्या पडद्यासह वावरत राहिले. पुढे २००६ च्या नोव्हेंबरात, अशा तबकड्यांतील दोष सद्भावनेने तपासणाऱ्यांस त्या कायद्यातून सूट मिळाली. घर जळून गेल्यावर विहिरीची परवानगी मिळाली, इतकाच तिचा अर्थ.

आमचा मुद्दा येथे आहे. ग्रंथाच्या बाबतीत नकलेचा हक्क आणि वाचनाचा हक्क यांची गल्लत कधी झाली नाही. पुस्तक छापण्याचा अधिकार प्रकाशकाकडे असतो म्हणून ते बारकाईने वाचण्यास, त्यातील चूक दाखविण्यास वा त्यावर कठोर टीका लिहिण्यास त्याची परवानगी कोणी मागत नाही. आज्ञावलीस वाङ्मयाचा दर्जा देताना वाङ्मयकाराचे सर्व हक्क तिच्याबरोबर आले. वाचकाचे मात्र दाराबाहेरच राहिले.

आपल्या कायद्याने हे दार थोडे किलकिले ठेविले आहे, हे सांगितले पाहिजे. अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार आज्ञावलीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर रीतीने आली आहे त्याला हानीपासून बचाव म्हणून तिची जादा प्रत ठेविता येते. तिच्यामागील कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करता येते. आणि स्वतंत्रपणे तयार केलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळावी म्हणून अवश्य ती माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, काढूनही घेता येते. २०१२ मध्ये कुलूप फोडण्याविरुद्ध जे ६५अ हे कलम आले, त्यातही हक्कभंगाचा हेतू ही अट आहे, आणि संगणकाच्या मालकाच्या संमतीने त्याची सुरक्षितता तपासणे अपवादात घातले आहे. म्हणजे आपल्याच संगणकात शिरलेला पाहुणा कोण, हे पाहण्यास आपणांस मज्जाव नाही. अमेरिकी कायद्यापेक्षा ही तरतूद शहाणपणाची आहे, असे आम्हांस वाटते. शाळाशाळांतून चोरट्या प्रती वापरण्याचा जो सुळसुळाट आहे त्यास मात्र यात आधार नाही. जाणूनबुजून तशी प्रत वापरणे हा ६३ब कलमाखाली अपराध आहेच; शिवाय अज्ञात लेखनिकाने उतरविलेल्या त्या प्रतीत त्याने पदरचे काय घातले असेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

मग संहिता सर्वांस खुली केली की प्रश्न सुटला काय? तसेही नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभिलेल्या चळवळीमुळे मुक्त संहितेच्या असंख्य आज्ञावली आज उपलब्ध आहेत आणि साऱ्या जगाचा कारभार त्यांवर चालतो. ओपनएसएसएल ही त्यांपैकीच एक. संगणकांचे आपसांतील गुप्त संभाषण ती सांभाळते. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत एक साधी मापाची तपासणी राहून गेली आणि परक्यास दुसऱ्याच्या संगणकाच्या स्मृतीतील तुकडे वाचता येऊ लागले. संहिता सर्वांपुढे उघडी होती, तरी हा दोष एप्रिल २०१४ पर्यंत जाहीर झाला नाही. वाचण्याजोगे असणे आणि वाचले जाणे यांतील अंतर ग्रंथालयात काम केलेल्यास नव्याने सांगावयास नको.

२०२४ चे एक्सझेड प्रकरण तर पाठचिकित्सेच्या वर्गात शिकवावे असे आहे. माहितीचे आकारमान कमी करणारी ही मुक्त आज्ञावली वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ, विनावेतन, सांभाळीत होता. जिया टान हे नाव धारण करणारा कोणी एक २०२१ पासून तिच्या कामात मदत करू लागला, विश्वास मिळवून सहसंपादक झाला, आणि त्याने नव्या आवृत्तीत चोरदार ठेविले. ते उघडणारी ओळ सर्वांस दिसणाऱ्या मूळ संहितेत नव्हती; वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात मात्र होती. म्हणजे हस्तलिखितात नाही आणि छापील प्रतीत आहे, असा हा प्रक्षेप! तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, आणि त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्याने हा शोध जाहीर केला.

प्रक्षेपाचे भय आपणांस अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही देऊन ठेविली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती नाना प्रांतांतील प्रती ओळीस ओळ लावून पाहिल्यानेच. संगणकक्षेत्रातील काही मंडळी आता अशी पद्धत रूढ करू पाहत आहेत की, एकाच संहितेवरून अनेकांनी स्वतंत्रपणे यंत्रभाषेतील प्रत तयार करावी व त्या अक्षरशः जुळतात काय हे ताडून पाहावे. आपल्या पाठचिकित्सकांस ही पद्धत परकी वाटणार नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. १९९० नंतरच्या दशकात आमच्या संस्थेने अंकांची जुळणी संगणकावर सुरू केली. अक्षरसंच एका व्यापारी कंपनीचा होता. त्याची आज्ञावली चालण्यासाठी संगणकाच्या पाठीस एक छोटी कुलूपवजा डबी जोडावी लागे. देवनागरीस युनिकोडमध्ये तेव्हाही जागा होती; पण या संचात आमचा ‘क’ एका रोमन चिन्हाच्या जागी आणि ‘ख’ दुसऱ्याच्या जागी बसविलेला होता, आणि कोणता कोठे हे तक्त्याच्या रूपाने कोणी दिले नाही. डबी बिघडली, संगणक बदलले. आज त्या फाइली उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांचा चिवडा दिसतो. लेख आमच्या लेखकांचे, हक्क त्यांचे, मराठी आपली. आणि वाचता येईना!

संस्थेच्या दोघा तरुण सभासदांनी छापील अंक व फाइली शेजारी ठेवून, चिन्हामागून चिन्ह ताडून तक्ता तयार केला. वर उल्लेखिलेले ५२ वे कलम आम्ही या कामी आमच्या पाठीशी मानतो. काम वाटले तितके सोपे नव्हते. त्या संचात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट. म्हणून केवळ चिन्हबदल करून भागत नाही, अक्षरे मागेपुढे सरकवावी लागतात, आणि जोडाक्षरावर रफार व वेलांटी दोन्ही आली की तक्ता अजूनही चुकतो. ‘वर्गणी’ बहुधा नीट उतरते. ‘मूर्तिपूजा’ दर वेळी डोळ्यांनी पाहावी लागते. तेव्हा प्रत्येक अंकाचे मुद्रितशोधन छापील प्रत हाती घेऊनच चालू आहे, आणि ज्यांच्या संग्रही त्या वर्षांचे अंक असतील त्यांनी ते काही दिवसांकरिता कार्यालयात आणून द्यावेत, कारण आमच्याजवळील तीन अंकांची पाने वाळवीने खाल्ली आहेत.