जुन्या पिकअपचं गिअर ऑइल: आधी वरचा नट!

महिंद्राचा कारखाना सातपूरला, त्यामुळे नाशकात जुन्या बोलेरो पिकअप ढिगाने. लासलगावचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं भरून कसारा घाट उतरतात. इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, गिअरबॉक्सकडे मात्र गिअर अडकायला लागल्यावरच लक्ष जातं.

गाडी थोडी फिरवून आणा, ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. सपाट जागी लावा, चाकांना दगड द्या. आणि आधी गिअरबॉक्सच्या बाजूचा, ऑइल भरायचा वरचा नट सुटतोय का ते बघा! खालचा, ऑइल सोडायचा नट खोलून बसलात आणि वरचा गंजून जाम निघाला, तर गाडी तिथेच. वरचा सुटला की मगच खालचा खोला. निघालेल्या ऑइलमध्ये राखाडी, बारीक लगदा चालतो. नखाएवढा तुकडा दिसला तर थेट मेकॅनिक गाठा.

खालचा नट परत घट्ट लावून नवं ऑइल वरच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत भरायचं. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल, तर डिफरन्शियलचं जीएल-५ त्यात ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात. दुकानदार ‘सगळं एकच हो’ म्हणेल, म्हणू द्या.

काळं ऑइल गटारात नको, रीसायकलवाल्याला द्या.