घाटरस्त्यांचे कठडे

सातारा व रायगड जिल्ह्यांना जोडणाऱ्या आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी बस दरीत कोसळली. एकच प्रवासी वाचला. घाटातील धोक्याच्या वळणांवर बसविण्यात येणारा पन्हळी पोलादी कठडा वाहनाला भिंतीप्रमाणे थोपवीत नाही. धडकेने खांब वाकतात, पट्टी ताणली जाते आणि वाहन पुन्हा रस्त्याच्या दिशेस वळते. मात्र त्यासाठी खांबांना मातीची घट्ट पकड हवी. सह्याद्रीतील मुसळधार पावसाने दरीकडील कड खचली, की कठडा, रंग कितीही ताजा असला तरी, केवळ दिसण्यापुरता उरतो. खांबाचे बूड उघडे पडले किंवा पट्टीचे बोल्ट नाहीसे झाले, तर ते प्रथम रस्त्यालगतच्या ग्रामस्थांच्याच दृष्टीस पडते. पावसाळा संपण्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीने त्याची लेखी सूचना संबंधित बांधकाम उपविभागास द्यावी.