तांड्याने राखलेली बोली

मराठवाड्यातल्या सोनपेठच्या काळ्या रानातून बालाघाटच्या माळांकडे निघालं की गावांपासून थोडं अंतर राखून वसलेले बंजारा तांडे लागतात. गावात विचारतात, ‘तुझं नाव काय?’ तांड्यात तोच प्रश्न येतो, ‘तार नाम कांई छ?’ या ‘छ’मध्ये राजस्थानशी जुनं नातं आहे. इथे आई म्हणजे याडी आणि भाकरी म्हणजे बाटी.

बंजारा समाज आपल्या भाषेला गोरबोली म्हणतो. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालणारी ‘लदेणी’ रेल्वे आल्यावर मोडली आणि तांडे जागोजागी स्थिरावले. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. २०११च्या जनगणनेत ‘लमाणी-लंबाडी’ बोलणारे सुमारे ३३ लाख आणि ‘बंजारी’ बोलणारे सुमारे १६ लाख, अशी ती दोन नावांनी नोंदली गेली, तीही हिंदीच्या पोटात.

एखाद्या दरीतली बोली डोंगर राखतात. इथे ते काम तांड्याने केलं. तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांचा न्याय याच बोलीत, होळीची लेंगी गाणी याच बोलीत, सासरी निघालेल्या मुलीचं रडगाणं, म्हणजे ढावलोही याच बोलीत. श्रावणात तीजेच्या सणाला कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात. लहानगी मागे उभी राहून ओळ उचलते. बाराखडीच्या आधी तिला गाणं येतं.

आता तांड्याचं हे कुंपण विरळ होत आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला अनेक कुटुंबं निघतात आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. सोबत गेलेल्या मुलांची शाळा बुडते. जी मुलं शाळेत असतात, त्यांना पहिल्याच दिवशी आपले शब्द वर्गाबाहेर ठेवावे लागतात. पोर ‘बाटी’ म्हणालं की ते चुकलं, असं ठरतं. हळूहळू तेच पोर घरीही मराठीत उत्तर देऊ लागतं.

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, असं सांगतं. तांड्यावरच्या शाळेने सुरुवात छोटी करावी: पहिलीच्या भिंतीवर ‘आई’शेजारी ‘याडी’ लिहावं, तीजेची गाणी मुलांच्या आजीला बोलावून वर्गात म्हणवून घ्यावीत. मराठीचं यात काहीच जात नाही. घरचा शब्द शाळेत ऐकू आला, की पोर न घाबरता तोंड उघडतं. आणि तोंड उघडलेलं पोर मराठीही लवकर शिकतं.