सहा खुर्च्या कोणाच्या?

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते. मध्यरात्र उलटून गेली तरी निकाल लागेना. कोटा, दुसऱ्या पसंतीची मते, मतांचे मूल्य हे शब्द त्या रात्री घरोघरी ऐकू येत होते. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पतपेढीत हिशेब लिहिण्यात माझे आयुष्य गेले. पण आकडा दिसला की तो सोडवल्याशिवाय चैन पडत नाही. ही पद्धत मुळातून समजून घ्यायला बसलो आणि वाचता वाचता माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या देशापाशी येऊन ठेपलो. राज्यसभेसाठी आपले आमदार जशी पसंतीक्रमाने मते देतात, तशीच तिथे १९२१ पासून सर्वसामान्य मतदार देत आले आहेत. युरोपीय संसदेत त्या देशाच्या वाट्याला जागाही सहाच आहेत.

माल्टाचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. १ मे २००४ रोजी हा देश युरोपीय संघात आला. युरोपीय संसदेत आज २७ देशांचे ७२० सदस्य आहेत. जर्मनीचे ९६, फ्रान्सचे ८१, इटलीचे ७६ आणि माल्टा, सायप्रस, लक्झेंबर्ग यांचे प्रत्येकी सहा. कोणत्याही देशाला सहापेक्षा कमी आणि ९६ पेक्षा जास्त जागा नाहीत, ही मर्यादा लिस्बन करारानेच घालून दिली आहे.

साधा भागाकार केला तर माल्टात सुमारे ९० हजार लोकांमागे एक सदस्य येतो आणि जर्मनीत साडेआठ लाखांहून अधिक लोकांमागे एक. म्हणजे माल्टाच्या माणसाचे वजन जर्मन माणसाच्या नऊपट! हा अन्याय नव्हे काय? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जून २००९ मधल्या लिस्बन करारावरील निकालात या विषमतेवर बोट ठेवले होते. पण उलट बाजूही पाहू. निव्वळ लोकसंख्येच्या हिशेबाने ७२० जागा वाटल्या, तर माल्टाला जेमतेम एक जागा मिळेल. तो एक सदस्य आजारी पडला तर अख्खा देश गैरहजर. शिवाय त्या देशातल्या विरोधी मताला तिथे तोंडच उरणार नाही. सहा जागा असल्यामुळेच २०२४ मध्ये मजूर पक्षाचे तीन आणि राष्ट्रवादी पक्षाचे तीन सदस्य निवडून आले.

ते निवडून कसे येतात? सारा देश हा एकच मतदारसंघ. मतदार उमेदवारांसमोर १, २, ३ असा क्रम लिहितो. सहा जागा असल्या की एकूण वैध मतांच्या सातव्या हिश्श्याहून एक मत अधिक, हा कोटा. त्यावरची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. पूर्वी जागा पाचच होत्या, तेव्हा कोटा सहाव्या हिश्श्याचा होता. म्हणून २००४ मध्ये हरित पक्षाच्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही तो पडला. सहावी जागा २०११ च्या डिसेंबरात आली. त्या जागेचा मानकरी २००९ च्याच मतमोजणीतून ठरला होता. बिचारा अडीच वर्षे दाराबाहेर थांबला.

या पद्धतीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट पुढेच आहे. एखादा सदस्य मध्येच पायउतार झाला तर पोटनिवडणूक होत नाही. ज्या मतपत्रिकांनी त्याला निवडून दिले, त्याच पुन्हा उघडून पुढची पसंती पाहतात. रोबेर्ता मेत्सोला २००४ आणि २००९ अशा दोन्ही निवडणुका हरल्या होत्या. २०१३ मध्ये सायमन बुसुतिल यांची जागा रिकामी झाली, तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या मतपत्रिकांतून मेत्सोला यांचे नाव वर आले. १८ जानेवारी २०२२ रोजी, आपल्या ४३ व्या वाढदिवशी, त्या युरोपीय संसदेच्या अध्यक्षा झाल्या. २०२४ मध्ये त्यांना पहिल्या पसंतीची ८७ हजारांहून अधिक मते मिळाली.

सहा जणांच्या देशाची व्यक्ती ७२० जणांच्या अध्यक्षपदी बसते, याचे उत्तर सभागृहाच्या रचनेत आहे. तिथे सदस्य देशवार बसत नाहीत, विचारांच्या गटांनुसार बसतात. गट स्थापायला किमान २३ सदस्य लागतात आणि ते किमान सात देशांतले असावे लागतात. म्हणजे ९६ सदस्यांच्या जर्मनीलाही एकट्याने गट करता येत नाही. मोठ्याचा मोठेपणा या एका अटीने आटोक्यात राहतो आणि लहानाला मोठ्या घरात जागा मिळते.

भाषेचेही तसेच. माल्टीज ही अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा. संघाच्या २४ अधिकृत भाषांत ती आहे. सुरुवातीला अनुवादकच मिळेनात, म्हणून कागदपत्रांच्या भाषांतरासाठी तीन वर्षांची सवलत घ्यावी लागली. इंग्रजीही माल्टाची राजभाषा असल्याने तिच्यावर भागवता आले असते. त्यांनी भागवले नाही. मराठी वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण या व्यवस्थेला किंमत आहे. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी शोधपत्रकार डाफ्ने कारुआना गालित्सिया यांची मोटारीत बॉम्ब ठेवून हत्या झाली. सत्तेतल्या भ्रष्टाचारावर त्या लिहीत होत्या. युरोपीय संसदेने माल्टातील कायद्याच्या राज्याविषयी चिंता व्यक्त करणारे ठराव केले आणि स्ट्रासबर्गमधल्या पत्रकार कक्षाला त्यांचे नाव दिले. माल्टाचे सदस्य मात्र एकमुखी नव्हते. जे सरकारविरुद्ध तिथे बोलले, त्यांच्यावर मायदेशातल्या सत्ताधारी समर्थकांनी देशद्रोहाचा शिक्का मारला. घरची धुणी परक्यांच्या अंगणात धुतली, हा राग.

त्या रागात तथ्य आहे का? पूर्वीच्या करारात सदस्यांना ‘राज्यांतील जनतांचे प्रतिनिधी’ म्हटले होते. लिस्बन करारात ते ‘संघाच्या नागरिकांचे प्रतिनिधी’ झाले. फरक शब्दांचा, पण मोलाचा. सरकारची बाजू मांडायला मंत्र्यांची परिषद आहेच. संसदेतल्या खुर्च्या सरकारच्या नाहीत. ज्या नागरिकाचे सरकार ऐकत नाही, त्याच्याही त्या आहेत. माझ्या मते त्या सदस्यांनी आपले कामच केले.

आपल्याकडे लोकसभेच्या जागांची राज्यवार विभागणी १९७१ च्या जनगणनेवर थांबवून ठेवली गेली. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचा आवाज क्षीण होऊ नये, हा त्यामागचा विचार. आता त्या वादात आपण फक्त जागा मोजतो. आकड्यांच्या माणसाने हे म्हणावे याचे नवल वाटेल, पण माल्टाने मला शिकवले ते असे: किती खुर्च्या हा अर्धाच प्रश्न आहे, तिथे बसलेला माणूस घरच्यांना न रुचणारे बोलू शकतो का, हा उरलेला अर्धा.